पागीची दुर्बीण

एका डोंगराळ मुलखात हैबती नावाचा एक पागी राहत होता. पागी म्हणजे पावलांवरून जनावराचा माग काढणारा. त्या मुलखात शिकारीची एक रीत होती. पागीने 'सावज' म्हटलं, तरच राजाने बंदुकीचा चाप ओढायचा. तो गप्प राहिला, तर राजानेही गप्प राहायचं.

एका वर्षी तिथे एक बिबट्या माजला. शेळ्या झाल्या, वासरं झाली, मग त्याने गवताला गेलेल्या दोन बायकांवर झडप घातली. डोंगरात पाऊल टाकायची कुणाची छाती होईना. राजाने हैबतीला शिकारखान्यात बोलावलं आणि म्हटलं, "हवी ती दुर्बीण घे."

दुर्बिणी दोनच होत्या. एक पितळी, नक्षीदार, वरवंट्यासारखी जड. तिच्यातून पलीकडच्या कड्यावरच्या गिधाडाची पिसं मोजता येत. दुसरी लहानशी, हलकी, रंग उडालेली. जेमतेम समोरची टेकडी दाखवणारी.

शिकारखान्याचे म्हातारे कारभारी म्हणाले, "हैबती, चढ उभा आहे बाबा. धाकटी ने."

पण हैबतीला कुठलं ऐकू येतंय! पितळी दुर्बीण गळ्यात घालून स्वारी राजाच्या पुढे गावातून निघाली ती नवरदेवाच्या थाटात.

पहिल्याच टेकडीवर मानेला रग लागली. दुसरीवर दुर्बीण छातीवर आदळू लागली. तिसऱ्या चढाला त्याने ती हळूच काढून बरोबरच्या हमालाच्या हवाली केली. हमाल बिचारा आधीच शिदोऱ्यांनी वाकलेला. तो मागे राहिला आणि दुर्बीणही मागे राहिली.

माथ्यावर पोचतात न पोचतात तोच लांबच्या गवतात काहीतरी पिवळं हललं. राजाने बंदूक खांद्याला लावली.

"हैबती, सावज?"

हैबतीचा हात गळ्याशी गेला. गळा रिकामा! नुसत्या डोळ्यांना काही धड दिसेना. 'सावज' म्हटलं की लाज झाकली जाणार होती. आणि या रानात बिबट्याशिवाय दुसरं असणार तरी काय? शब्द अगदी ओठांवर आला. पण न पाहता तो उच्चारायला त्याची जीभ रेटेना.

"महाराज, मी पाहिलं नाही. दुर्बीण जड झाली म्हणून मागे सोडली. चूक माझी आहे. बार काढू नका."

राजाने बंदूक खाली घेतली. तेवढ्यात गवत बाजूला झालं आणि डोक्यावर भारा घेतलेली, पिवळं लुगडं नेसलेली एक बाई उभी राहिली. ती पलीकडच्या वाडीची होती. बिबट्याची बातमी आणि शिकारीची दवंडी तिथवर पोचलीच नव्हती.

राजाने बंदूक जमिनीवर ठेवून दिली. हैबती तर मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडला.

राजा रागावला नाही असं नाही, चांगलाच रागावला. मग म्हणाला, "उद्या पुन्हा निघू. पागी तूच."

दुसऱ्या दिवशी हैबतीने आपणहून धाकटी दुर्बीण मागितली. काहीजण हसले. हसू देत! पायथ्यापासून माथ्यापर्यंत ती गळ्यात होती, याची त्याला आठवणही राहिली नाही. जे हललं ते त्याने पाहिलं. एकदा भेकर निघालं, एकदा नुसतंच झुडूप. दुपारी एका कपारीत मिशाळ तोंड दिसलं. त्याने पुन्हा एकदा नीट पाहिलं आणि म्हणाला, "सावज!"

एकच बार झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका विळे घेऊन, मोठमोठ्याने गप्पा मारत डोंगर चढल्या.

तात्पर्य: मिरवण्यासाठी घेतलेलं साधन ऐन वेळी जवळ नसतं, म्हणून पेलेल तेच घ्यावं. आणि चूक झालीच, तर न पाहिलेलं पाहिलं म्हणून ती झाकू नये.