उघाडीवरचा दोघींचा दगड

तिवरखारच्या बांधाला एक लाकडी दार आहे. शेतातलं पाणी त्यातून खाडीत सोडतात, म्हणून त्याला उघाडी म्हणतात. उघाडीच्या पायथ्याशी खाडीच्या अंगाला एक सपाट काळा दगड आहे. दिवेलागणीच्या आधी त्यावर मऊ चिखल सारवतात आणि सकाळी कुणाचा पंजा उठला ते पाहतात. पाहायला दोघीजणी जातात, एकटी कधीच नाही. दोघींचं आपसात पटत नसेल तर फारच चांगलं, असं गाव मानतो.

शहरातून कॅमेरे घेऊन आलेल्या पाहुण्यांना या दगडापाशी हसुराम म्हात्रे घेऊन आले. पाहुणे शोधत होते ती पाण्यात उतरून मासे धरणारी रानमांजर. गाव तिला खारबाऊल म्हणतो. पाहुण्यांच्या नकाशात मात्र ती या किनाऱ्यावर नव्हतीच. "नकाशाचं तुमी बघा," हसुराम म्हणाले, "आमच्याकडं तिची नोंद लय जुनी हाय." आणि बांधावर बूड टेकून त्यांनी चांगुणेची गोष्ट सांगितली.

बांध नवा होता तेव्हाची गोष्ट, म्हणे. उघाडीची मासळी दोन भावांच्या घरांत वाटलेली होती. एक दिवस थोरल्याची पाळी, एक दिवस धाकट्याची. संध्याकाळी दारापाशी जाळं लावायचं, सकाळी उपसायचं. थोरल्याची बायको चांगुणा, धाकट्याची राही. खाडी एक, दार एक, जाळंही एकाच हातानं विणलेलं. तरी राहीच्या पाळीला जिताड्यांनी टोपली भरायची, आणि चांगुणेच्या पाळीला फाटलेलं जाळं आणि अर्धवट खाल्लेली मुंडकी.

चांगुणेच्या पोटात दुखायला लागलं. राही हसली तरी तिला टोचायचं, राहीच्या चुलीवरच्या कालवणाचा वास आला की हिच्या तोंडातला घास फिरायचा. एकदा तिनं राहीला पाहिलं, पहिला मासा त्या दगडावर ठेवताना. दुसरी असती तर विचारती. चांगुणेनं मनाशी ठरवून टाकलं की ही करणी करते, आणि माझ्या पाळीला जाळंही हीच फाडते.

म्हणून आपल्या पाळीच्या संध्याकाळी तिनं दगडावर चिखल सारवला. चोराचं पाऊल उठेल आणि ते राहीचंच असेल, यात तिला तिळमात्र शंका नव्हती. सकाळी पाहिलं तर चिखलात गोल पंजे उठलेले, चार-चार बोटांचे, पाण्यातून वर आलेले आणि पाण्यात परत गेलेले. जाळं फाडणारं जनावर होतं. राही त्याला आधीच मासा द्यायची, म्हणून तिच्या जाळ्याला ते शिवत नव्हतं. सगळा उलगडा त्या चिखलात होता. चांगुणेला बरं वाटायला हवं होतं, पण तिला वाईट वाटलं. राही चोर नसावी हेच तिला सोसेना. तिनं तळहातानं चिखल पुसला आणि गावकीपुढे जाऊन सांगितलं की पाऊल उठलं होतं, माझ्या जावेचं होतं.

एकटीच्या शब्दावर गावानं विश्वास ठेवला. राहीची पाळी गेली, नाव गेलं. नवऱ्याला घेऊन ती खाडीपलीकडे माहेरी निघून गेली. 

चांगुणेनं बांधावर फास लावले, कुत्री सोडली. खारबाऊल यायची बंद झाली. चार महिने जाळं अखंड राहिलं. पण खारबाऊल घुशी खायची, खेकडे खायची, हे चांगुणेच्या ध्यानात आलं नव्हतं. आता माजलेल्या घुशी-खेकड्यांनी बांध आतून पोखरला. पुढच्या उधाणाला तो फुटला आणि खारं पाणी भातात शिरलं. पहिलं बुडालं ते चांगुणेचं शेत. गाव म्हणाला, ही राहीची करणी.

चांगुणेनं तेव्हाही खरं दडवून ठेवलं. मग एक होडीवाला सांगत आला की पलीकडच्या उघाडीवर राही मासा ठेवते आणि कुठलंसं रानमांजर येऊन तो खातं. हे ऐकून ती पेटली. माणसं तर माणसं, जनावरसुद्धा तिच्याच मागे गेलं! त्या जळफळाटात तिनं पण केला की ती मांजर माझ्या दगडावर येईपर्यंत मासा तोंडात घालणार नाही. तिनं फास काढले, कुत्री बांधली, रोज पहिला मासा दगडावर ठेवला आणि चिखल सारवत राहिली. अशी तीन वर्षं गेली.

एका सकाळी पंजा उठला. जनावर आपल्याकडे आलं हे दाखवायला ती धावत गावात गेली आणि त्यापायी पाटलांना मागचंही सगळं खरं सांगितलं. पाटील येईपर्यंत भरतीनं दगडावरचा चिखल धुऊन नेला होता. दुसऱ्यांदाही तेच झालं. "असलं मांजर आपल्या काठाला कुणी बघितलं न्हाय," पाटील म्हणाले. रोज तिच्याबरोबर बांधावर थांबायला कोण येणार? अख्ख्या मुलखात एकच बाई होती, जिला ते जनावर खरं आहे हे माहीत होतं.

चांगुणा होडीत बसली. राहीच्या दारात उभी राहून म्हणाली, "चल. माझं एकटीचं कुणी ऐकत न्हाय."

राही आली. दोघींनी मिळून चिखल सारवला आणि आपापला मासा ठेवला. नवव्या सकाळी ताजे पंजे उठले. राही वाकून बराच वेळ बघत राहिली.

"मला ठाव होतं, बाय," ती म्हणाली. "आणि तुलाबी ठाव होतं."

चांगुणेनं मान हलवली. ती रडली नाही, म्हणे. राहीनं रात्री ठेवलेला मासा आपल्या माशापेक्षा मोठा होता, हे तेवढ्यातही तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

दोघी गावकीपुढे गेल्या, आणि गावानं मानलं. या दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं, म्हणजे ती खोटी असूच शकत नाही, असं पाटील म्हणाले. राहीला तिची पाळी परत मिळाली. दरवर्षी बांधाला भर घालताना दोघींनी शेजारी शेजारी माती टाकली. जन्मभर बोलल्या मात्र कामापुरतंच.

आजही तिवरखारला एकटीनं पाहिलेला पंजा खरा धरत नाहीत. हसुराम हे सांगत होते तेव्हा दोन बाया बांधावरून आल्या, एक पुढे, एक चांगली दहा पावलं मागे. पुढची दगडापाशी पोचली, पण खाली न बघता खाडीकडे तोंड करून थांबली. मागची येऊन शेजारी उभी राहिली, तेव्हाच दोघी वाकल्या.

पाहुण्यांतल्या एकीनं कॅमेरा सरसावला. हसुरामांनी तिला विचारलं, "तुमच्याबरोबर बघायला कोण हाय?"