गावबुडव्याची पायरी

भुडुक. भुडुक.

अरुंद तोंडाच्या मडक्यात पाणी शिरावं, तसा तो आवाज. फार फार वर्षांपूर्वी खाडीकाठच्या एका गावात इनास नावाच्या जवान पोरानं तो ऐकला होता.

गाव ख्रिस्ती लोकांचं. एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भातशेती आणि मधे मातीचा लांबच लांब बांध. बांधाच्या पायथ्याशी पांढरं चर्च. भादव्याच्या पौर्णिमेला भर दुपारी वर्षातलं मोठं उधाण येई. त्या दिवशी बांधावर पहारा लागे.

त्या साली पाळी इनासची होती. सकाळी लग्नाचं जेवण झालेलं, ताडी अंमळ जास्त झालेली. तो आंब्याखाली आडवा पडला होता. आवाज आला तेव्हा म्हणाला, "खेकडा असेल." आणि त्यानं कूस बदलली.

खेकडाच होता. पण त्या खेकड्याच्या बिळातून अख्खी खाडी आत आली.

तीन वर्षं त्या जमिनीत मिठाशिवाय काही दिसलं नाही. तिसऱ्या साली तेरेजाकाकूचं तान्हं मूल दगावलं. तिच्या अंगावर दूध उरलं नव्हतं.

इनास म्हाताऱ्या फादरपुढे गुडघे टेकून रडला. फादर सावकाश बोलणारे. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "देवानं माफ केलं, बाळा. आता रडणं पुरे. उद्यापासून बांधावर माती टाक."

इनास माती टाकत राहिला. बांधाची एकेक नस त्याच्या हाताला कळायला लागली.

पुढे म्हातारे फादर वारले आणि गावच्या पाटलानं एक रीत घातली. भादव्याच्या पौर्णिमेला मिस्सेची प्रार्थना झाली, की इनासनं चर्चच्या पायरीवर उभं राहायचं आणि साऱ्या गावासमोर आपला गुन्हा सांगायचा. "विसरायला नको," पाटील म्हणे.

सारं गाव जमे. पहाऱ्यावरची माणसंसुद्धा ऐकायला येत. एक वर्ष झालं, दहा झाली, तीस झाली. इनासचे केस पिकले. पोरं त्याला गावबुडव्या म्हणून हाक मारीत आणि तोही ओ देई.

खरं सांगायचं, तर त्यालाही ती पायरी सोडवेना. दर साली तो थोडं आणखी खुलवून सांगे. कुठं हळहळायचं, कुठं हसायचं, हे लोकांना पाठ झालं होतं. बांधाला मात्र त्याच्या एकट्याचे हात पुरे पडत नव्हते.

त्या साली पौर्णिमेला ऊन कडक होतं. इनास पायरीवर उभा राहिला. लग्न सांगून झालं, ताडी सांगून झाली.

"आणि मग," तो म्हणाला, "मला आवाज आला."

इथं तो दर वर्षी थांबायचा. लोकही श्वास धरायचे.

भुडुक. भुडुक.

"वा रे गावबुडव्या!" मागून कोणी तरी हसलं. "या साली आवाज झकास काढलास!"

इनासचं तोंड मिटलेलं होतं.

त्यानं बांधाकडे पाहिलं. भाताच्या कडेला चिखलात पाण्याचा बोटभर बुडबुडा उठत होता. तो पायरी उतरला.

"कुठं निघालास?" पाटलानं काठी आडवी धरली. "गोष्ट पुरी कर."

"पाटील, बांध पाझरतोय."

"जाईल कोणी तरी. तू आधी पुरी कर. रीत आहे."

"त्या दिवशीचं पाणी कधीच ओसरलं, पाटील. आजचं चढतंय."

"बघा, बघा! ज्यानं गाव बुडवलं, तो आता आपल्याला पाणी शिकवतोय."

माणसं हसली. इनास हसला नाही. तो दारातल्या तरुण फादरकडे वळला.

"फादर, एकच सांगा. मला माफी मिळाली, की नाही मिळाली?"

फादर चाचरले. पाटलाकडे बघितलं, मग खाली बघितलं. "मिळाली," ते म्हणाले.

"किती वर्षांपूर्वी?"

"ज्या दिवशी मागितलीस, त्याच दिवशी."

"मग तीस वर्षं मी इथं कोणापुढे उभा आहे? देवापुढे तर नाही. देव मला उद्यापासून माती टाक म्हणाला होता."

"आणि तेरेजाकाकूच्या लेकराचं काय?" पाटील ओरडला. "ते विसरायचं?"

गर्दीतून तेरेजाकाकू पुढे आली. पाठीत वाकलेली, डोळ्यांनी अधू.

"माझ्या लेकराच्या नावानं हे चालवता, ते मला एकदा तरी विचारलंत का रे?" ती म्हणाली. "मी रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते. त्याला मी कधीच विसरणार नाही. पण दर साली याला उभा केलात म्हणून माझा पाळणा हलला नाही. काठी खाली घ्या, पाटील. माझ्या नातवंडांचं भात आहे तिकडं."

इनासनं काठी हातानं बाजूला केली आणि तो धावला.

मागून दहा-वीस माणसं आली आणि भाताच्या बाजूला, जिथं पाणी बाहेर पडत होतं, तिथं माती लोटायला लागली. माती वाहून जायला लागली.

"तिथं नको!" इनास ओरडला. "पाणी निघतं तिथं नाही, शिरतं तिथं बुजवा!"

तो खाडीच्या बाजूनं छातीभर पाण्यात उतरला. पाण्यावर परडीएवढा भोवरा फिरत होता. त्याखाली बीळ. "पेंढा द्या! चिकणमाती द्या!" पेंढ्याचा पहिला भारा तेरेजाकाकूनं ओढत आणला. मग चर्चमधल्या चटया आल्या. तरुण फादर झगा खोचून चिखलात उतरले. इनास पेंढा कोंबी, त्यावर माती घाली, पायांनी तुडवी. पाण्यानं माती नेली, की पुन्हा घाली.

उधाण बांधाच्या माथ्याला लागलं, क्षणभर तिथंच डुचमळलं आणि मग बोटाबोटानं उतरायला लागलं. भोवरा थांबला.

त्या साली भात असं पिकलं, की लोंब्या जमिनीला टेकल्या. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण त्या दुपारची गोष्ट अजून थोडी राहिली आहे.

सगळे चिखलानं माखून चर्चपाशी परतले. कोणी हसत होतं, कोणी रडत होतं. पाटलाचे कपडे मात्र कोरडे होते. तो पायरीजवळच उभा होता.

"चांगलं काम केलंस," तो म्हणाला. "आता ये. वर चढ. अर्धी राहिलेली पुरी कर. रीत मोडायला नको."

इनास थांबला. त्यानं पायरीकडे पाहिलं. तीस वर्षांत त्याच्याच टाचांनी तिथं दोन खळगे पडले होते.

"ऐकलंस का, गावबुडव्या?"

"त्याला नाव आहे," तेरेजाकाकू म्हणाली. तिनं त्याचं कुदळ-घमेलं उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

पाटलानं काठी खाली घेतली. "इनास," तो म्हणाला, "ये."

बांधाला अजून कुठं बिळं असतील, ते ओहोटीतच दिसणार होतं. इनासनं कुदळ खांद्यावर टाकली, घमेलं काखेत धरलं आणि तो बांधाच्या वाटेनं चालता झाला.

बोध: ज्याला देवानं माफ केलं, त्यानं कालच्या पायरीवर उभं राहू नये, आजच्या बांधावर जावं.