मोहरीच्या दाण्याची परीक्षा

एकदा एका वृद्ध वैद्यांच्या दारात एक बाई आपल्या लेकीला घेऊन आली. लेकीचं नाव अंबू, वय असेल पाच-सहाचं. आईने तिचा हात धरला नव्हता, पोर जरा अंतर राखून मागून चालत होती.

"वैद्यबुवा, ही हाकेला ओ देत नाही," बाई म्हणाली. "लोक म्हणतात बहिरी आहे. असू दे हो, तेही सोसेन. पण मी नुसता गालावरून हात फिरवला तरी ही किंचाळते, अंग चोरते. पोटची पोर, आणि ही झोपल्याशिवाय मला हिला हात लावता येत नाही. हिला मी नकोशी आहे का, एवढंच सांगा." आणि ती पदराआड रडू लागली.

वैद्यबुवांचा एक शिष्य होता. ग्रंथ सगळे तोंडपाठ, धीर मात्र औषधालाही नाही. गुरूंनी तोंड उघडण्याआधीच तो उठला. "बहिरी आहे की नाही, आत्ता पाहू," म्हणत त्याने देवघरातली घंटा आणली आणि पोरीच्या कानामागे घणघणवली. झालं! अंबूने कान गच्च दाबले आणि ती भिंतीवर डोकं आपटू लागली. तिला आवरताना आईच्या हातांवर ओरखडे उठले. शिष्य मात्र खूश. "गुरुजी, ऐकू येतं हिला. म्हणजे दोष कानांत नाही, स्वभावात आहे. लाडाने शेफारलीय पोर!"

अशी माणसं तुम्हा-आम्हालाही भेटतात, बरं का. एकदा निदान ठोकून दिलं की त्यांना जेवण गोड लागतं.

वैद्यबुवांनी आत चाललेली औषधांची कुटाई थांबवायला लावली, पायातल्या खडावा काढल्या, खिडकीवर पडदा ओढला आणि पोर शांत होईपर्यंत नुसते बसून राहिले. दुपार कलली. मग त्यांनी एक पितळी ताट आणि चिमूटभर मोहरी मागवली. ओसरीच्या पार टोकाला जाऊन त्यांनी बोटभर उंचीवरून एकच दाणा ताटात टाकला.

शिष्याला हसू आवरेना. "गुरुजी, हा आवाज तर मलासुद्धा आला नाही."

"तुला नाही आला. तिच्याकडे बघ."

अंबूने मान वळवली होती. आणखी एक दाणा पडला आणि तिच्या कपाळावर आठी उमटली. पुढच्या दाण्याला तिचे हात कानांकडे निघाले, तसं वैद्यबुवांनी ताट उचललं. "बास. मोजून झालं."

मग त्यांनी कापसाचा पुंजका तिच्या मनगटाला हळूच टेकवला. तिने हात झटकला आणि ती जागा दुसऱ्या मुठीने करकचून दाबून धरली. वैद्यबुवांनी ते नीट पाहून घेतलं.

"बाळ," ते शिष्याला म्हणाले, "हिला कितीने दुखतं ते तू मोजलंस. हिला कितीपासून कळतं ते मी मोजलं. तुझ्या-माझ्या मनाच्या दाराला कडी आहे, नको ते बाहेर राहतं. हिच्या दाराला कडीच नाही. कुटाई, खडावा, रस्त्यावरची गाडी, आईची हाक, सगळं एकदम आत घुसतं. त्या गलबल्यातून आपलं नाव तिने निवडायचं कसं? ती ओ देत नाही म्हणून आपण आणखी मोठ्याने ओरडतो, ती आणखी आत पळते. हिला कमी ऐकू येत नाही रे, फार ऐकू येतं!"

शिष्याची मान खाली गेली.

वैद्यबुवा बाईकडे वळले. "पोरी, तुझा हात मायेचाच आहे. पण तो हलका फिरतो, आणि हलकं तेच हिला सोसत नाही, अंगावर मुंग्या चढाव्यात तसं होतं. हात फिरवू नकोस. तिला दिसेल असा पुढे धर. तिने घेतला तर मात्र घट्ट धर, भिऊ नकोस."

हल्ली मुलांच्या डोक्यावर तारांची टोपी चढवून आवाजाने, स्पर्शाने मेंदू किती चटकन उसळतो ते मोजतात. मोजावं, अवश्य मोजावं. पण ते मोजमाप पोराला नावं ठेवण्यासाठी नाही. त्याच्याजवळ कोणत्या वाटेने जायचं, ते कळण्यासाठी आहे.

असो. आईने हात पुढे केला. अंबू कितीतरी वेळ त्याच्याकडे बघेचना. आईचे डोळे भरून आले. ती हात मागे घेणार, तोच वैद्यबुवांनी मानेनेच नको म्हटलं. मग पोर सरकत सरकत आली. तिने तो हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि वरून आपले दोन्ही तळवे ठेवून जोर देऊन दाबला. आईने दुसऱ्या हाताने तिला उराशी आवळलं. पोर किंचाळली नाही.

"अंबू," आई म्हणाली. इतक्या हळू, की शेजारी बसलेल्या शिष्याला ऐकू आलं नाही. अंबूने डोक्यावरचा हात आणखी थोडा दाबला.