पाटी तिथेच, मोटार नवी

"मोटारीचा कोणताही भाग बदलावा, पण नंबराची पाटी जागची हलवू नये. हलवेल त्याला तुरुंग. आणि का, हे विचारू नये!"

माळेगड संस्थानच्या मोटारखान्यात, दारावरच, हा नियम मोठ्या अक्षरांत रंगवला होता. तो केला होता थोरल्या महाराजांनी. ते स्वर्गवासी झालेले, त्यामुळे त्यांना आता खरोखरच कुणी काही विचारू शकत नव्हतं!

हैबती मिस्त्रीच्या लेकीने, केसरने मात्र लहानपणापासून शंभर वेळा विचारलं होतं. "आबा, पण का?"

"शेवटची ओळ वाच," एवढंच हैबती म्हणायचा.

आणि आता त्या नियमात खुद्द धाकटे महाराज अडकले होते! शिकारीला गेले असताना भुजंगराव जहागीरदारांनी त्यांच्या जुन्या मोटारीची इतकी तारीफ केली, की महाराज फुलून म्हणाले, "आवडली? मग तुम्हीच विकत घ्या!" आणि तिथल्या तिथे सौद्याचा विडा दिला. दिलेला विडा परत घेता येत नाही. मुंबईहून नवी मोटार आलेलीच होती, तेव्हा महाराज त्याच जुन्या मोटारीतून खुशीत परत निघाले. नाक्यावर पहारेकऱ्यांनी कडक सलाम ठोकला. महाराज तेव्हा मागच्या बाकावर आडवे होऊन पेंगत होते, बाहेरून दिसतही नव्हते. मग हा सलाम कुणाला?

पाटीवरच्या 'नंबर १'ला! त्या नंबराला संस्थानातले सगळे नाके उघडत. आता ते भुजंगरावांना उघडणार!

"दिवाणजी! मोटार द्या, पण नंबर ठेवा!"

"सरकार, नियम आहे. गादीवर बसताना आपण तो पाळायची शपथ घेतलीय."

"मग नियमही ठेवा!"

मोठ्या माणसांना काम झेपलं नाही की ते खाली सरकवतात. दिवाण त्र्यंबकराव थेट मोटारखान्यात आले. "हैबती, उद्या सकाळी मोटार गेली पाहिजे, पाटी राहिली पाहिजे आणि ती जागची हलता कामा नये. हलवलीस तर तुरुंग. नाही जमलं तर तुझी नोकरी गेली!"

"जी," म्हणून हैबतीने मान खाली घातली.

दिवाण गेल्यावर केसर भडकली. "जी काय, आबा? हे कसं करायचं, तेवढं तरी विचारायचं!"

"मोठ्यांना विचारत नसतात, पोरी."

"बरं. मग विचारत नाही. करूनच दाखवते!"

सकाळी महाराज आले, दिवाण आले, चार म्हातारे मानकरी खुर्च्यांवर बसले. भुजंगराव झेंडूचा भला मोठा हार घेऊनच उतरले. "मोटारीला नको, पाटीला घाला!" त्यांनी गड्याला सांगितलं.

"थांबा!" केसर म्हणाली. तिने वरच्या तुळईवरून दोन दोर सोडले होते आणि मोटारीपुढच्या पाटीचे दोन्ही कान त्यांना घट्ट बांधले होते. जमिनीवर, पाटीच्या बरोबर खाली, खडूची रेघ. पाना घेऊन ती खाली वाकली. एक बोल्ट, दुसरा बोल्ट...

"आबा, मोटार मागे घ्या!"

जुनी मोटार घरघरत मागे गेली. पाटी दोरांवर जिथल्या तिथे! मग नवी मोटार हळूहळू पुढे आली आणि पाटीला नाक लावून उभी राहिली. नाक मात्र दोन बोटं उंच निघालं.

"पाटी वर घे की थोडी!" एक मानकरी म्हणाले.

"आणि तुरुंगात तुम्ही जाणार?" केसरने चाकांतली थोडी हवा सोडली. फुस्स! नाक खाली आलं. तिने बोल्ट आवळले, दोर सोडले आणि हात पुसले.

"धरा हिला!" मानकरी ओरडले. "पाटी काढली!"

"कधी? दिवाणजी, रेघ बघून सांगा. पाटी तसूभर तरी हलली?"

दिवाण चष्मा लावून वाकले. "नाही... पण अगं, मोटार बदलली!"

"मोटार कुठे बदलली? भाग बदलले! आबांनी गेल्या साली इंजिन बदललं, त्याआधी चाकं, त्याआधी टप आणि बैठक. तेव्हा कुणी म्हणालं, ही नंबर एक नव्हे?"

"नाही, कुणीच नाही," दिवाण म्हणाले.

"तसेच आज बदलले. फक्त सगळे, आणि एकदम!"

भुजंगरावांच्या हातातला हार लोंबकळू लागला. "मग मी काय नेऊ?"

"काढलेले भाग, जहागीरदारसाहेब! न्यायला सोपे जावेत म्हणून एकमेकांना जोडूनच ठेवलेत. हवं तर त्यांच्यावर बसून जा!"

"आणि त्यांना नंबर?"

"सत्त्याण्णव मोकळा आहे," दिवाण पुटपुटले.

महाराज असे खदखदून हसले की पगडी कानावर आली. "वा गं वा! पोरी, माग काय हवं ते!"

"मोटारखान्यात आबांच्या शेजारी जागा. मिस्त्रीची, पगारावर."

"दिली! दिवाणजी, हुकूम लिहा!"

दिवाणांनी टाक उचलला, पण लिहिण्याआधी घसा खाकरला. "पोरी, सरकारांच्या पाया पड. आणि म्हण, पुन्हा मोठ्यांना उलट प्रश्न विचारणार नाही."

चारी मानकऱ्यांनी माना डोलावल्या. हैबती हळूच म्हणाला, "म्हण बाई."

केसर महाराजांच्या पाया पडली. मग सरळ उभी राहिली.

"नाही म्हणणार."

दिवाणांचा टाक हवेतच राहिला. मानकरी एकमेकांच्या मिशांकडे बघत बसले. मोटारखान्यात आवाज उरला तो एकट्या महाराजांच्या हसण्याचा!