बिशपांचा उजवा हात

फार जुन्या काळी, समुद्रकाठच्या एका गावात ख्रिस्ती मंडळीचे म्हातारे बिशप वारले. डोक्यावर हात ठेवून वारस नेमायची तेव्हा रीत होती. प्रेत घरातच होतं आणि दोन धर्मगुरू बिशपपदाच्या गादीवरून त्याच्या उशाशीच भांडत होते.

"शेवटच्या आठवड्यात त्यांनी माझ्याच डोक्यावर हात ठेवला," दोघंही सांगत होते.

प्रेताला अंघोळ घालणाऱ्या विधवा मेलितानं विचारलं, "कोणता हात?"

"उजवा. आशीर्वाद उजव्या हातानंच देतात," दोघं एकदम म्हणाले.

"तो तर तीन महिन्यांपासून लुळा पडला होता. घास मीच भरवत होते. तुम्ही एकदा जरी डोकावला असतात, तर ठाऊक असतं."

दोघांच्या माना खाली गेल्या. मेलितानं तो गार हात पुसला.

"रोज विचारायचे," ती म्हणाली, "कोणी आलं का?"