मुठीतलं पिल्लू

“पण ती त्याला वाढतेच कशी, बाबा?”

भानगीर बाबा मठाच्या मागच्या ओट्यावर लसूण सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कशी म्हणजे? भाकरी, कालवण, भात. सगळ्या वाढतात तशी.”

“थट्टा करू नका.”

“बरं. नाही करत.”

मी पुन्हा सगळं सांगितलं. आधी दोनदा सांगून झालं होतं तेच. अंकुश नावाचा ट्रॅक्टरवाला दारू पिऊन पाटात पडला. माझा थोरला भाऊ आसाराम तेव्हा पुलावरून चालला होता. त्यानं अंगातला सदरासुद्धा काढला नाही. उडी मारली. अंकुशला काठाकडं ढकललं. अंकुश झुडपाला धरून बाहेर आला... दादाला पाण्यानं पुढं नेलं.

आमच्याकडं रीत आहे. वर्ष सरेपर्यंत दर महिन्याच्या तिथीला, गेलेल्याच्या वयाचा एक माणूस जेवायला बोलवायचा. त्याला गेलेल्याच्या जागेवर बसवायचं आणि गेलेल्याच्या आवडीचं वाढायचं. भावकीत दादाच्या वयाचे पुष्कळ होते.

आईनं अंकुशला बोलावलं.

पहिल्या तिथीला मी घराबाहेर निघून गेलो. दुसऱ्या तिथीला त्याच्यापुढचं ताट उचललं आणि उकिरड्यावर फेकलं. आईनं दुसरं ताट वाढून आणलं.

त्याच दुपारी मी मठात आलो होतो.

“मला दीक्षा द्या,” मी म्हणालो. “भगवं द्या. मला घर नाही.”

बाबांनी सालं फुंकून उडवली.

“त्या लिंबाच्या झाडात सातभाईंचं घरटं आहे. पिल्लू उडेपर्यंत त्याच्याकडं बघ. मांजरांचा फार सुळसुळाट झालाय.”

“आणि मग?”

“मग बघू.”

मला वाटलं, म्हातारा टाळतोय. तरी परसात जाऊन बसलो. दुसरं करायला होतं काय.

मातकट रंगाची पाखरं ती. पिवळे डोळे, आणि तोंडाला दम नाही. कधी पाच यायची, कधी आठ. घरटं खालच्याच फांदीत होतं, काट्यांच्या आत. उभं राहिलं की आतलं दिसायचं. पिल्लू एकच होतं. उघडं, काळपट, नुसतं तोंड. पण त्याला भरवायला सगळा थवा राबत होता.

त्यातला बाप कोणता, चुलता कोणता, थोरला भाऊ कोणता, मला कधीच ओळखता आलं नाही. चोचीत अळी घेऊन एक जण यायचा. फांदीवर थांबून इकडं तिकडं बघायचा, आत शिरायचा, भरवून निघायचा. तोवर दुसरा टेकलेला असायचा. एक जण नेहमी शेंड्यावर पहाऱ्याला. दुपारी ऊन पानांतून सरळ घरट्यात उतरलं की एक पाखरू कडेवर उभं राहायचं आणि पंख अर्धे उघडून धरायचं. स्वतः चोच वासून धापा टाकायचं, पण हलायचं नाही. पिल्लू त्याच्या सावलीत झोपायचं.

मी बघत राहायचो. भूक लागलेली कळायची नाही. तेवढा वेळ दादा आठवायचा नाही... आणि मग एकदम आठवायचा.

एकदा मांजराला दगड मारला तो बाबांच्या माठाला लागला.

“नेम चांगला आहे,” बाबा म्हणाले. “आता मांजरही प्यायचं नाही आणि आपणही.”

पिल्लू भराभर वाढलं. छातीवर पिसं आली, शेपटीला पट्टे आले. भरवणाऱ्यांपेक्षा ते मोठं दिसायला लागलं. भरवताना पाखराचं सगळं डोकं त्याच्या तोंडात जायचं. मला त्याचं कौतुक वाटायचं.

“धिप्पाड होणार,” एका सकाळी मी बाबांना सांगितलं. “दादा असाच होता. आईचं सगळं दूध यालाच गेलं, असं लोक मला चिडवायचे.”

बाबा गोधडीला टाके घालत होते.

“ते त्यांचं नाही,” ते म्हणाले.

“काय त्यांचं नाही?”

“पिल्लू. पावशाचं आहे ते. पावशा आपलं अंडं सातभाईंच्या घरट्यात घालून जातो.”

मी झाडाकडं बघितलं.

“मग यांची पिल्लं?”

“तू आलास त्या दिवशी झाडाखाली निळी टरफलं पडली होती. तूच झाडून काढलीस.”

“ते मांजरानं...”

“ह्यानं. डोळे उघडायच्या आधी. पाठीवर घेऊन एकेक अंडं बाहेर लोटलं.”

पुढचं मी विचार करून केलं नाही. उठलो, काट्यांत हात घातला आणि पिल्लू मुठीत धरून बाहेर काढलं. कोपरापर्यंत हात ओरबाडला. कुंपणाच्या भिंतीपलीकडं भिरकावून द्यायचं, एवढंच डोक्यात होतं. पिल्लाच्या जागी मला अंकुशचं तोंड दिसत होतं. खाली मान घालून दादाच्या जागेवर बसलेलं.

बाबांनी मला अडवलं नाही.

पिल्लू ओरडलं.

सगळा थवा माझ्यावर तुटून पडला. डोक्यावर, कानावर, पाठीवर. पंखांचे फटकारे आणि कलकलाट. मी दुसऱ्या हातानं वारत होतो. एक जण बोटांवर चोची मारत होता, मूठ सुटावी म्हणून. मी मूठ घट्ट केली. हात मागं नेला.

तेवढ्यात एक पाखरू येऊन माझ्या मनगटावर बसलं.

त्याच्या चोचीत हिरवी अळी होती. ते लांब कुठंतरी गेलेलं असणार. त्याला या भांडणातलं काही ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून त्याला त्याचं काही नव्हतं. त्यानं माझ्याकडं बघितलं. पिवळा डोळा, मध्ये काळा ठिपका. त्याची नखं माझ्या कातडीत रुतली होती. एवढंसं वजन... नाही म्हटलं तरी चालेल, एवढंसं.

मुठीतून पिल्लाचं तोंड तेवढं बाहेर होतं. ते उघडलं.

पाखरू वाकलं. माझ्या मुठीतल्या तोंडात त्यानं अळी घातली. नीट, आतपर्यंत. पिल्लानं गिळलेलं मला तळव्यात कळलं.

मग ते उडालं. दुसरी अळी आणायला.

माझा हात मागं नेलेला तसाच राहिला. तो कधी खाली आला, कळलं नाही. थवाही थोडा मागं सरला होता. मी काट्यांतून पुन्हा हात आत घातला, पिल्लू घरट्यात ठेवलं आणि ओट्यापाशी येऊन बसलो. मनगटावर नखांचे बारीक ठिपके होते. मी त्यांच्याकडं बघत बसलो.

मग मान वर करून विचारलं.

“तुम्ही मला अडवलं का नाही?”

“माझ्याआधी तो आला.”

“त्यांना कळत नाही, बाबा. आपलं नाही हेच त्यांना कळत नाही. म्हणून भरवतात.”

“असेल.”

“कुणीतरी त्यांना सांगायला पाहिजे.”

“मनगटावर बसला होता तेव्हा सांगायचंस.”

लिंबाच्या झाडात पुन्हा ये-जा सुरू झाली होती. जसं काही झालंच नाही.

“पाखरांना कळत नसेल,” बाबा म्हणाले. “तुझ्या आईला?”

“तिला सगळं ठाऊक आहे. त्याच्या तोंडाला दारूचा वास होता, तो तिनं घेतलाय. पाटाच्या काठावर मी होतो तशी तीही होती. दादाला वर काढला तेव्हा त्याच्या केसांतला गाळ तिनं पदरानं पुसलाय.”

“आणि परवा पुन्हा तिथ आहे.”

“हो.”

“पुन्हा त्यालाच वाढणार?”

“त्यालाच. भावकीतल्या बायका नावं ठेवतात. ती म्हणते, दुसऱ्या कुठल्या घरी याच्या घशाखाली घास उतरणार आहे?”

“असं म्हणते?”

“हो.”

“सगळं ठाऊक असून?”

“सगळं ठाऊक असून.”

माझंच बोलणं माझ्या कानावर आलं. बाबांचे टाके थांबले होते. त्यांनी सुई गोधडीत खोचली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. वाऱ्यानं पानं हलत होती. ते इतका वेळ तसेच राहिले की मला वाटलं, झोप लागली...

मग त्यांनी डोळे उघडले. ते ओले होते.

“केरू, तू आजच नीघ. आईला सांग, परवा अंकुशच्या शेजारी भानगीरचंही एक पान मांड.”

“आणि मी?”

“वाढायला तू.”