वाटा मोजणारी मुंगी

१९९८ सालच्या वैशाखात रानातले झरे आटले आणि खारीची पिल्लं तहानेनं निपचित पडली.

खार वडावरच्या कावळ्यांच्या सभेत गेली. तिथं ज्या बातमीला जास्त कावकाव, ती सर्वांत वर. त्या दिवशी माकड पडल्याची बातमी वर होती.

"पाणी कुठं आहे?" खारीनं विचारलं.

"त्यात काय गंमत, ताई?" कावळे हसले.

तेवढ्यात एक मुंगी पुढं आली. गेल्या पुरात खारीनं तिला शेपटीवर घेऊन वाचवलं होतं.

"खारुताई, कावकाव मोजू नकोस, वाटा मोज. जिथं सगळ्यांच्या वाटा जाऊन मिळतात, तिथं पाणी."

दोघी वाटा मोजत निघाल्या. करवंदीच्या जाळीमागं भरलेला डोह सापडला. खारीनं पिल्लं तिथं आणली. ती पोटभर प्यायली आणि एकमेकांवर पाणी उडवू लागली.

मुंगीनं खारीचं ऋण फेडलं.